भाताच्या पानाचा रंग आणि आपली नजर

श्रावणात पाऊस उघडला की अलिबाग-पेणच्या पट्ट्यातील शेतकरी बांधावर उभा राहून भात न्याहाळतो. शेजाऱ्याचे खाचर काळेभोर हिरवे व आपले फिके दिसले की त्याचा हात युरियाच्या गोणीकडे जातो. परंतु ही पारख नेहमीच खरी ठरते काय?

डोळा रंगाचे माप घेत नाही, तो रंगांची तुलना करतो. म्हणून गडद खाचराशेजारचे मध्यम हिरवे खाचरही फिके भासते. सूर्य समोर असला म्हणजे प्रकाश पानातून आरपार येतो व पान पिवळसर दिसते. सूर्य पाठीशी असता तेच पान गडद वाटते. शिवाय काही जणांना जन्मतःच तांबडा व हिरवा रंग नीट ओळखता येत नाही. हा दोष स्त्रियांपेक्षा पुरुषांत पुष्कळ अधिक आढळतो.

या भ्रमाचा खर्च शेतकऱ्यालाच सोसावा लागतो. नत्र जादा झाल्यास भात लोळते आणि तुडतुडे, खोडकिडा व करपा यांचे फावते. नत्र कमी पडल्यास फुटवे कमी येतात.

यावर पर्णरंग तक्ता हा सोपा उपाय आहे. जपानी तक्त्याच्या आधारे फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९९० नंतरच्या दशकात तो प्रचारात आणला. त्यावर फिक्या पोपटीपासून गडद हिरव्यापर्यंत क्रमांकित पट्ट्या असतात.

लावणीनंतर सुमारे दोन आठवड्यांनी पाहणी सुरू करावी व फुलोऱ्यापर्यंत दर ७ ते १० दिवसांनी करावी. शेतातील १० निरोगी चूड निवडून प्रत्येकातील सर्वांत वरचे, पूर्ण उमललेले पान न तोडता त्याचा मधला भाग पट्टीवर ठेवावा. आपल्या अंगाची सावली तक्त्यावर धरावी. वेळ सकाळची व पाहणारी व्यक्ती दर खेपेस एकच असावी. घरातील गृहिणीनेही हे काम अवश्य करावे. १० पैकी ६ किंवा अधिक पाने ठरलेल्या क्रमांकाहून फिकी निघाली, तरच नत्र द्यावे. हा क्रमांक जातीनुसार बदलतो. तो व नत्राची मात्रा सहायक कृषी अधिकाऱ्याकडून किंवा कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्राकडून समजून घ्यावी.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. खारजमिनीत क्षारांमुळे किंवा जस्ताच्या उणिवेमुळेही पाने पिवळी पडतात. तेथे युरिया हे औषध नव्हे. म्हणून माती तपासून घ्यावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा प्रयोग एका खाचरात करून दाखवावा. अंदाजाने टाकलेल्या गोणीपेक्षा तक्ता पाहून दिलेली ओंजळ अधिक फलदायी ठरेल.