लाइट गेली म्हणून डेटा वाचला! घरच्या कॉम्प्युटरचा बॅकअप नेमका कसा लावायचा?

नाशिक : नाशिकची द्राक्षं आणि कांदा ज्या बंदरातून परदेशी जातात, त्या उरणजवळच्या जेएनपीटीतील एका टर्मिनलचं काम २७ जून २०१७ रोजी कोलमडलं. क्रेन शाबूत, माणसं हजर. पण कोणता कंटेनर कुठे जायचा हे सांगणारे कॉम्प्युटर बंद. युक्रेनमधल्या कर भरण्याच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ‘नॉटपेट्या’ नावाचा व्हायरस पसरला होता. हे टर्मिनल चालवणाऱ्या डेन्मार्कच्या मर्स्क समूहाचे जगभरचे कॉम्प्युटर त्याने काही तासांत निकामी केले.

मर्स्ककडे बॅकअप नव्हता, असं मुळीच नाही. बहुतेक सर्व्हरच्या काही दिवसांपूर्वीच्या प्रती होत्या. पण नेटवर्कमध्ये कोणाला कुठे शिरकाव द्यायचा, हे सांभाळणारे सुमारे दीडशे सर्व्हर एकमेकांचीच प्रत होते. एक बिघडला तर दुसरा आहे, हा हिशेब. व्हायरसने सगळे एकदमच पुसले. वाचला तो फक्त घाना या आफ्रिकी देशातल्या कार्यालयातला एक, कारण त्या वेळी तिथली वीज गेली होती आणि तो सर्व्हर नेटवर्कवर नव्हताच! त्यातला डेटा इंटरनेटवरून पाठवायला अनेक दिवस लागले असते. म्हणून हार्ड डिस्क घेऊन एक कर्मचारी विमानाने नायजेरियाला गेला, तिथून दुसऱ्याने ती लंडनला पोहोचवली. पुढच्या दहा दिवसांत कंपनीने ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार कॉम्प्युटर नव्याने उभे केले.

घरच्या कॉम्प्युटरचा याच्याशी संबंध काय? आपण बहुतेक जण मर्स्कच्याच भरवशावर आहोत. ‘फोटो गुगलवर आहेत’, ‘फाइल वनड्राइव्हला जातात’ म्हणून निश्चिंत असतो.

सिंक म्हणजे बॅकअप नव्हे

सिंक म्हणजे आरसा. कॉम्प्युटरवर फोल्डर डिलीट केलं की क्लाउडवरूनही जातं. व्हायरसने फाइलला कुलूप लावलं की कुलूपबंद फाइलच वर चढते. गुगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये डिलीट केलेली फाइल ३० दिवस राहते, पण महिनाभरात चूक लक्षात आली पाहिजे ना! जमिनीच्या खरेदीखताची स्कॅन कॉपी आपण वर्षातून किती वेळा उघडून बघतो?

डेटा रिकव्हरीवाल्यांवरही फार भिस्त ठेवू नका. जुन्या हार्ड डिस्कवरून डिलीट झालेली फाइल बऱ्याचदा परत मिळायची. आताच्या लॅपटॉपमधली एसएसडी मात्र डिलीट झालेल्या फाइलची जागा पाठीमागे स्वतःच साफ करते. अशी फाइल परत मिळणं जवळपास अशक्य असतं.

तीन प्रती, दोन साधनं, एक घराबाहेर

या क्षेत्रात ‘३-२-१’ हा नियम रूढ आहे. तो लोकप्रिय केला पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने. डेटाच्या तीन प्रती, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली एक घराबाहेर. मर्स्कच्या अनुभवानंतर मी त्यात एक भर घालेन : एक प्रत तरी वायरमधून आणि इंटरनेटमधून सुटलेली हवी.

आधी काय जपायचं ते ठरवा. विंडोज आणि सॉफ्टवेअर पुन्हा टाकता येतात. वडिलांच्या आवाजातलं रेकॉर्डिंग पुन्हा मिळत नाही. फोटो, मुलांची प्रमाणपत्रं, सात-बारा, विम्याची कागदपत्रं, बागेच्या फवारणीच्या नोंदी हे सगळं एका मुख्य फोल्डरखाली आणा. घरातून हिशेबाचं काम करणाऱ्यांनी टॅलीचा डेटा कुठे साठतो, ते मुद्दाम शोधावं. तो बहुधा ‘डॉक्युमेंट्स’मध्ये नसतो आणि नेमका तोच बॅकअपमधून सुटतो. इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर ‘फायनल’, ‘फायनल २’ आणि ‘नक्की फायनल’ अशी प्रोजेक्ट रिपोर्टची रांग दिसायची. तिन्ही फाइल एकाच लॅपटॉपवर असायच्या. त्याला तीन प्रती म्हणत नाहीत.

मग एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या, १ टीबी बऱ्याच घरांना पुरते. (विंडोजमध्ये ती ९३१ जीबी दिसते, दुकानदाराने फसवलेलं नसतं, मोजायची पद्धत वेगळी.) ऑनलाइन अगदी स्वस्तात मिळणाऱ्या २ टीबीच्या पेन ड्राइव्हपासून मात्र लांब राहा. त्यातले बरेच बनावट असतात : कॉपी झाल्यासारखं दाखवतात आणि आतल्या फाइल उघडत नाहीत.

विंडोजच्या कंट्रोल पॅनलमध्ये ‘फाइल हिस्ट्री’ आहे, मॅकमध्ये ‘टाइम मशीन’. दोन्हीत फाइलच्या जुन्या आवृत्त्याही राहतात, म्हणून नुसत्या कॉपी-पेस्टपेक्षा ही सोय बरी. आठवड्यातला एक वार ठरवा. डिस्क जोडा, बॅकअप होऊ द्या, ‘इजेक्ट’ करा आणि काढून कपाटात ठेवा. शेवटची पायरी सगळ्यात महत्त्वाची. कायम जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलही व्हायरस कुलूपबंद करतो. डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवाच. कॉपी चालू असताना लाइट जाणं हे घानासारखं भाग्याचं नसतं.

पहिल्या वेळी धीर धरा. ५०० जीबी डेटा जुन्या यूएसबी २ पोर्टमधून जायला चार तास तरी लागतात, यूएसबी ३ मधून दीड-दोन. पुढच्या आठवड्यापासून फक्त बदललेल्या फाइल जातात, ते चहा होईपर्यंत उरकतं.

घराबाहेरची प्रत कुठे?

नाशिककरांना हे वेगळं सांगायला नको. सप्टेंबर २००८ मध्ये आणि पुन्हा ४ ऑगस्ट २०१९ रोजी गोदावरीचं पाणी कुठवर आलं होतं, हे सराफ बाजार आणि भांडी बाजारातल्या मंडळींना विचारा. तळमजल्यावर कॉम्प्युटर आणि त्याच टेबलाच्या खणात हार्ड डिस्क असेल, तर पुरापुढे दोन्ही सारखेच. चोरी आणि शॉर्टसर्किटचंही तेच. पंचवटीत राहत असाल तर दुसरी डिस्क सिडकोतल्या बहिणीकडे किंवा नाशिकरोडच्या मामांकडे ठेवा. दोन महिन्यांतून एकदा गेलात की अदलाबदल करा. पासवर्ड मात्र लावा. नातं कितीही जवळचं असलं तरी त्यात बँकेची कागदपत्रं असतात.

क्लाउडचा पर्याय सोपा, पण गुगलची मोफत १५ जीबी जागा मेल, फोटो आणि ड्राइव्ह मिळून असते आणि वनड्राइव्हची फक्त ५. पैसे भरून जागा घेतली तरी २० एमबीपीएस अपलोड स्पीडला २०० जीबी चढायला बावीस-तेवीस तास लागतात. म्हणून क्लाउडवर आधी कागदपत्रं आणि निवडक फोटो टाका, लग्नाचे व्हिडिओ डिस्कवर.

परत मिळतो का, ते पाहा

३१ मार्च हा जगभर ‘वर्ल्ड बॅकअप डे’ म्हणून पाळला जातो. आपल्याकडे तो आर्थिक वर्षाचा शेवटचा दिवस, त्यामुळे त्या दिवशी कोणाला सवड नसते. १ एप्रिलला करा, पण करा : डिस्कवरच्या चार-पाच फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. त्यात एक जुना फोटो आणि एक हिशेबाची फाइल हवी. उघडल्या नाहीत, तर निदान मूळ फाइल अजून शाबूत आहेत.

नव्या विंडोज ११ लॅपटॉपमध्ये डिस्क अनेकदा आपोआप कूटबद्ध झालेली असते. मदरबोर्ड गेला आणि डिस्क काढून दुसरीकडे लावली, तर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडते. आजच शोधा, कागदावर छापा आणि रेशन कार्डाच्या फाइलमध्ये ठेवा. त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर सेव्ह करून ठेवू नका.