मागच्या वर्षांची कपात, चालू वर्षाचा फॉर्म १६

मुळशी तालुक्यातल्या जिल्हा परिषद शिक्षकांच्या करहिशेबात मागील वर्षांच्या अंशदानाचा गुंता शिरला तो १ नोव्हेंबर २००५ नंतर. त्या तारखेपासून नेमणूक झालेल्यांची जुनी पेन्शन गेली आणि ‘डीसीपीएस’ (परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना) आली: मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या १० टक्के कपात, तेवढाच सरकारचा वाटा. बऱ्याच ठिकाणी कपात उशिरा सुरू झाली आणि थकलेले हप्ते पुढच्या पगारबिलांतून वळते झाले. असा हप्ता कोणत्या वर्षाचा, हे सांगणारा रकाना फॉर्म १६ मध्ये नाही. ज्या वर्षी रक्कम भरली, त्याच वर्षी वजावट. अमेरिकेत लष्करी सेवेवरून परतलेल्याने मागाहून भरलेल्या अंशदानापुढे, फॉर्म १६ सारख्याच डब्ल्यू-२ फॉर्मवर, मूळ वर्ष लिहिले जाते. तशी सोय इथे कधीच झाली नाही.

जुन्या पेन्शनवाल्यांना झळ बसली ती सहाव्या वेतन आयोगात. १ जानेवारी २००६ पासूनचा फरक २००९ मध्ये मंजूर झाला आणि पाच वार्षिक हप्त्यांत भविष्य निर्वाह निधीत जमा होऊ लागला. हप्ता हातात पडत नसे, पण पगाराच्या बेरजेत धरला जाई. आयकराच्या कलम ८०सी खालच्या वजावटीची तेव्हाची मर्यादा १ लाख रुपये. नेहमीची कपात, विम्याचा हप्ता आणि घरकर्जाची मुद्दल यांनी ती आधीच भरलेली असेल, तर न मिळालेल्या पैशावर खिशातून कर भरावा लागे. हा अन्यायच होता.

थकीत पगारावरच्या करासाठी कलम ८९ चा दिलासा होता, पण अर्धा. फॉर्म १०ई मधल्या तक्त्यात फरक वर्षवार मांडता येतो: त्या वर्षीचे उत्पन्न, त्यात मिळवायचा फरक, दोन्हींवरचा कर. पगार असा मागे नेता येतो. त्यातून झालेली कपात मात्र भरल्या वर्षातच राहते. २०१४-१५ पासून हा फॉर्म ऑनलाइन भरल्याशिवाय सवलतच मिळत नाही.

सातव्या आयोगाचा फरकही २०१९-२० पासून हप्त्यांनीच आला. नव्या पेन्शनवाल्यांसाठी राज्याने १ एप्रिल २०१९ पासून आपला वाटा १४ टक्के केला, पण राज्य कर्मचाऱ्यांना त्या वाट्यावर मिळणाऱ्या वजावटीची, कलम ८०सीसीडी(२) ची, मर्यादा १० टक्केच होती. २०२२ च्या वित्त कायद्याने ती पूर्वलक्षी प्रभावाने, २०१९-२० पासूनच, १४ टक्के केली. तोवर त्या वर्षाचे विवरणपत्र सुधारण्याची मुदत उलटून गेली होती.

२०२३-२४ पासून नवी करप्रणाली मूळ पर्याय झाली. तीत कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या अंशदानाला वजावट नाही, सरकारच्या वाट्याला आहे. थकीत हप्त्याच्या वर्षाचा प्रश्न आता जुनी प्रणाली निवडणाऱ्यांपुरता उरला आहे.