एक तार, बोलणारे अनेक

कार्तिक वद्य एकादशीला आळंदीत लाखो वारकरी जमतात. अशा गर्दीत मोबाइल हाती असूनही पुष्कळदा फोन लागत नाही. असे का व्हावे? उत्तर शोधण्यासाठी थोडे मागे जाऊ.

पूर्वी अनेक देशांतील खेड्यांत चार-सहा घरांना मिळून तारांची एकच जोडी असे. तिला ‘पार्टी लाइन’ म्हणत. दोन लांब, एक आखूड अशा घंटेच्या खुणेवरून फोन कोणाचा ते ओळखायचे. एकाचे बोलणे चालू असताना इतरांनी थांबायचे. कोणी गुपचूप रिसीव्हर उचललाच, तर त्याचे यंत्र त्याच तारांना समांतर जोडले जाई, प्रवाह विभागला जाई आणि बोलणाऱ्यांचा आवाज क्षीण होई. चोरी तिथेच उघडी पडे!

आपल्याकडे परगावच्या फोनचीही अशीच तऱ्हा होती. गावांना जोडणाऱ्या तारा मोजक्या, म्हणून ट्रंक कॉल नोंदवून तासन्‌तास वाट पाहावी लागे. घाई असणाऱ्याला ‘अर्जंट’ किंवा ‘लाइटनिंग’ कॉलसाठी जादा पैसे पडत.

तारा न वाढवता बोलणी वाढवण्याची युक्ती म्हणजे वेळ वाटून घेणे. बोलणे समजण्यास ३,४०० हर्ट्‌झपर्यंतची कंपने पुरतात. त्यांचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले, तर आवाज पुन्हा उभा करता येतो. म्हणजे दोन नमुन्यांत १२५ मायक्रोसेकंदांचे अंतर. तेवढ्यात आणखी २९ जणांचे नमुने पाठवून होतात! अशा रीतीने जाण्याची एक व येण्याची एक, अशा दोनच जोड्यांवर ३० संभाषणे चालू लागली.

जीएसएम मोबाइलमध्ये हेच तत्त्व वापरले गेले. एका वाहक लहरीवर आठ जण आळीपाळीने बोलतात. प्रत्येकाची पाळी सुमारे ०.५७७ मिलिसेकंदांची. नवव्याने दुसरी लहर शोधायची. मनोऱ्याजवळच्या सगळ्या लहरी भरल्या, की फोन लागत नाही. नंतरच्या पद्धतींत वाटणी अधिक कुशल झाली. पण वाटायची जागा अजूनही मर्यादितच आहे.

म्हणून गर्दीत गप्पांसाठी फोन अडवू नका. निरोप असेल तर दोन ओळींचा लेखी संदेश धाडा. त्याला फारच थोडी जागा लागते. तुम्ही सोडलेली जागा कदाचित चुकामूक झालेल्या एखाद्या मुलाच्या आईला मिळेल.