दोन तळांची कॅटमरान उलटली तर? पुढच्या पिढीच्या बोटीत कंपन्यांनी काय सुधारायला हवे

उजनी जलाशयात २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी कुगावहून (ता. करमाळा) कळाशीकडे (ता. इंदापूर) निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जणांचा मृत्यू झाला, एक जण पोहून काठावर आला. याच जलाशयाचे पाणी अहिल्यानगरच्या कर्जत तालुक्यातील भीमाकाठच्या गावांपर्यंत येते. वाऱ्याने सहज न उलटणारी बोट असते का, हा प्रश्न म्हणूनच इथेही महत्त्वाचा आहे.

त्याचे पहिले उत्तर म्हणजे कॅटमरान. लाकडे एकत्र बांधलेला तराफा या अर्थाच्या तमिळ 'कट्टुमरम'वरून हे नाव आले. आजच्या कॅटमरानमध्ये दोन अरुंद होड्या अंतर ठेवून वरच्या डेकने जोडतात. रुंद बैठकीमुळे ती सहसा कलत नाही. शिडाच्या कॅटमरानला जगभर मागणी आहे ती याच कारणाने. पण तिची खरी अडचणही इथेच आहे.

न कलणारी बोट इशारा देत नाही

एका तळाच्या शिडाच्या बोटीखाली जड कील असते. वारा वाढला की ती कलते, शिडातला थोडा वारा निसटतो आणि खलाशाला धोका कळतो. सप्टेंबर २०१८ मध्ये गोल्डन ग्लोब शर्यतीत कमांडर अभिलाष टॉमी यांची गोव्यात बांधलेली 'थुरिया' हिंद महासागरात गडगडली. डोलकाठी तुटली, पाठीला गंभीर इजा झाली. पण बोट पुन्हा सरळ झाली आणि सुटका होईपर्यंत ते तिच्यातच पडून राहिले.

बहुतेक कॅटमरानमध्ये असे जड वजन नसते. वाऱ्याकडची होडी पाण्याबाहेर आली की उलटण्याला होणारा विरोध वाढण्याऐवजी घटू लागतो. आणि एकदा पालथी झालेली मोठी कॅटमरान पालथीच राहते. म्हणून डोलकाठीच्या तारांवरचा ताण मोजणारे सेन्सर आणि 'शीड लहान करा' असे सांगणारा अलार्म ही चैनीची यादी नव्हे. तो मूळ किमतीतच मिळायला हवा. पालथ्या बोटीतून बाहेर पडण्याची झडपही तेवढीच महत्त्वाची. ती पाण्याच्या पातळीजवळ असते, त्यामुळे तिची काच किंवा सील कमकुवत असेल तर सुटकेची वाटच गळतीची वाट ठरते.

वजनाचा मोह

एसी, वॉशिंग मशीन, जनरेटर, मोठा फ्रिज... विक्रीच्या प्रदर्शनात हे सगळे छान दिसते. प्रत्यक्षात दोन अरुंद तळांवर वजन पडले की बोट लवकर खाली बसते. मधल्या डेकखालची मोकळी जागा कमी होते आणि लाटा खालून आपटतात. आवाज होतो, वेग घटतो, सांध्यांवर ताण येतो. जागा आहे म्हणून सामान भरायचे, हा हिशेब कॅटमरानला चालत नाही. कंपन्यांनी रिकाम्या बोटीचे नव्हे, तर पाणी, इंधन आणि माणसांसह भरलेल्या बोटीचे आकडे आणि तेव्हा डेकखाली उरणारी उंची जाहीर करावी.

इलेक्ट्रिक मोटारीचा पर्याय त्यामानाने चांगला आहे. शिडावर चालताना पाण्याच्या प्रवाहाने पंखा फिरतो आणि बॅटरी थोडी चार्ज होते. फक्त बॅटरीचे वजन वरच्या आकड्यात धरलेले हवे.

उजनीसारख्या जलाशयाला शिडाची गरज नाही. गेटवे ते मांडवा मार्गावर धावतात तशा मोटारीच्या छोट्या कॅटमरान इथे पुरेशा ठरतील. पण तिथेही प्रवासीसंख्येची मर्यादा, अंगात घातलेले लाइफ जॅकेट आणि वारा वाढला की फेरी बंद ठेवण्याचा नियम लागेलच.