ठोके हृदयाचे की पावलांचे?

मनगटी घड्याळ हृदयाचे ठोके ऐकत नाही, ते रक्ताची भरती-ओहोटी पाहते. त्याच्या तळाशी हिरवे दिवे लुकलुकत असतात. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. त्यामुळे ठोक्यागणिक कातडीखालच्या वाहिन्या भरल्या की परतणारा प्रकाश किंचित घटतो आणि त्या चढउतारावरून मिनिटाचा आकडा काढला जातो. बसल्या जागी हा हिशेब बहुधा बरोबर येतो.

गोरेगावच्या आरे कॉलनीत पहाटे धावायला निघाले की हा हिशेब बिघडतो. हात हलतो, घड्याळ सरकते, फटीतून उजेड शिरतो आणि पावलाच्या प्रत्येक हादऱ्यासरशी मनगटातले रक्तही डचमळते. पावले मिनिटाला १६० ते १८० पडत असतील, तर घड्याळ कधीकधी ठोके सोडून पावलेच मोजू लागते. शेजारच्याशी आरामात गप्पा मारत धावणाऱ्याला १७२ हा आकडा दिसला, तर संशय घ्यावा. थांबल्या थांबल्या मानेवर दोन बोटे टेकवावीत. पंधरा सेकंदांत ३४ ठोके भरले, तर खरा आकडा १३६च्या आसपास.

छातीच्या पट्ट्याला ही अडचण फारशी येत नाही, कारण तो ईसीजीप्रमाणे हृदयाची विद्युत स्पंदने टिपतो. फिनलंडच्या पोलार कंपनीने १९८२ साली असा बिनतारी पट्टा बाजारात आणला. लावताना तो ओला करावा लागतो. मुंबईत पुढचे काम घाम करतो.

स्टॅनफर्डच्या २०१७च्या अभ्यासात ६० जणांवर सात उपकरणे तपासली गेली. सहांची ठोक्यांतली चूक पाच टक्क्यांच्या आत राहिली. कॅलरींच्या बाबतीत मात्र सर्वांत चांगले उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकले. सावळ्या कातडीवर घड्याळ फसते, ही शंका आपल्याकडे हमखास निघते. ड्यूक विद्यापीठाच्या २०२०च्या अभ्यासात वर्णानुसार लक्षणीय फरक आढळला नाही, हालचालीत मात्र चूक विश्रांतीपेक्षा सरासरी ३० टक्क्यांनी वाढली. गोंदण मात्र खरोखर आड येते.

वजने उचलताना मनगट वाकते, तिथेही घड्याळ अडखळते. झटपट वेग वाढवला की आकडा काही सेकंद मागे रेंगाळतो. घड्याळाचा पट्टा मनगटाच्या हाडाच्या बोटभर वर, घट्ट बांधला की बराच फरक पडतो.

ठोके अचूक मिळाले, तरी व्यायामाचे टप्पे बऱ्याच घड्याळांत २२० वजा वय या ठोकताळ्यावर आखलेले असतात. चाळिशीच्या माणसाला ते १८०ची कमाल मर्यादा देतात. त्याची खरी मर्यादा १७० असू शकते किंवा १९०ही.