ओटिंगचा खटला कुठे अडला? अफ्स्पाचे कलम ६ समजून घेऊया

४ डिसेंबर २०२१. नागालँडच्या म्यानमार सीमेलगतच्या मोन जिल्ह्यातले ओटिंग गाव. कोळसा खाणीतले मजूर पिकअप गाडीतून घरी निघाले होते. लष्कराच्या विशेष दलाने त्यांना बंडखोर समजून गोळीबार केला. सहा मजूर मारले गेले. त्यानंतरच्या संघर्षात सात गावकरी आणि एक जवान, तर दुसऱ्या दिवशी मोन शहरात आणखी एक नागरिक मृत्युमुखी पडला.

राज्य पोलिसांच्या विशेष तपास पथकाने ३० लष्करी अधिकारी-जवानांवर आरोपपत्र ठेवले. तरी खटला चालला नाही. का?

उत्तर १९५८ च्या सशस्त्र दल विशेषाधिकार कायद्यात, म्हणजे अफ्स्पामध्ये आहे. 'अशांत' घोषित भागात कलम ४ नुसार लष्कराला विशिष्ट परिस्थितीत, इशारा देऊन, जीव जाईपर्यंत बळ वापरता येते. वॉरंटशिवाय अटकही करता येते. कलम ६ म्हणते, या अधिकाराखाली केलेल्या कृत्यासाठी केंद्राच्या मंजुरीशिवाय खटला चालणार नाही. केंद्राने २०२३ मध्ये ही मंजुरी नाकारली. १७ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कार्यवाही बंद केली. मात्र पुढे मंजुरी मिळाल्यास खटला चालू शकेल, असे नमूद केले.

हे फक्त दूरच्या सीमेवरचे दुखणे नाही. १९३० मध्ये इंग्रजांनी आपल्या सोलापुरात मार्शल लॉ लावला, तेव्हा राष्ट्रीय निशाण हाती घेतले म्हणूनही लोकांना शिक्षा झाल्या. सोलापूरच्या चार हुतात्म्यांना आपण अभिवादन करतो, पण नागरिकांवर चाललेल्या त्या लष्करी अंमलाबद्दल फार बोलत नाही.

नाशिकच्या वस्त्यांत संविधान वाचन होते, तेव्हा कलम ३२ वर तरुण भरभरून बोलतात. बाबासाहेबांनी त्याला संविधानाचा आत्मा म्हटले. पण हक्क मागायला न्यायालयाचे दार उघडे असूनही आरोपीवरच्या खटल्याची किल्ली सरकारकडे असेल, तर मृताच्या आईने काय करायचे?

मणिपूरच्या प्रकरणात ८ जुलै २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले होते की, अशांत भागातही लष्कराला संपूर्ण अभय नाही. म्हणून मागणी जवानांच्या विरोधातली नाही. मंजुरीचा निर्णय ठरावीक मुदतीत व्हावा, नाकारल्यास कारणे मृतांच्या कुटुंबांना लेखी कळवावीत, एवढीच आहे. तुमच्या पुढच्या वाचनात कलम ३२ सोबत अफ्स्पाचे कलम ६ ही घ्या.

जय भीम!