स्थिती एकच, उत्तरे तीन: संकेतस्थळांच्या देखरेख-फलकातील कोडची पुनर्रचना

कुंभकोणमला दर १२ वर्षांनी महामहम भरतो. मागचा २०१६ साली झाला, पुढचा २०२८ साली आहे. अशा वेळी गावात लाखो लोक येतात. १९९२ च्या महामहमात चेंगराचेंगरी होऊन अनेक भाविक दगावले होते. कोणता रस्ता बंद आहे, गाडी कुठून सुटते, मुक्कामाची सोय कुठे आहे, हे लोक आता मोबाइलवर पाहतात. समजा, कुंभकोणममधल्या एका महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी अशा माहितीच्या तीस-चाळीस संकेतस्थळांवर नजर ठेवणारा एक डॅशबोर्ड तयार केला. दर पाच मिनिटांनी प्रत्येक संकेतस्थळाला विनंती जाते, उत्तर नोंदले जाते आणि पडद्यावर ठिपका दिसतो. उदाहरण काल्पनिक आहे, पण त्यातला घोटाळा अशा बहुतेक प्रकल्पांत सापडतो.

डॅशबोर्डमध्ये स्थिती तीन ठिकाणी दिसते: यादीच्या पानावर, तपशिलाच्या पानावर आणि फोनवर जाणाऱ्या संदेशात. तिन्ही भाग तीन जणांनी वेगवेगळ्या आठवड्यांत लिहिले. नोंदीत दोन रकाने आहेत, ‘कोड’ आणि ‘चूक’. उत्तर आलेच नाही तर कोडच्या रकान्यात ० आणि चुकीच्या रकान्यात कारण लिहिले जाते.

यादी:
जर कोड = २०० तर रंग = "हिरवा"
नाहीतर जर कोड >= ५०० तर रंग = "लाल"
नाहीतर रंग = "हिरवा"

तपशील:
जर कोड < ४०० तर मजकूर = "चालू"
नाहीतर मजकूर = "बंद"

संदेश:
जर चूक रिकामी तर मजकूर = "चालू"
नाहीतर मजकूर = "बंद"

प्रत्येक तुकडा सुटा वाचला तर पटण्यासारखा वाटतो. यादी लिहिणाऱ्याने ३०१ आणि ३०२ ही पुनर्निर्देशने डोळ्यांसमोर ठेवली आणि ‘बाकी सगळे ठीक’ असे गृहीत धरले. आता पाच निविष्टी देऊन पाहू. २०० आणि ३०१ यांवर तिघांचे एकमत आहे. ४०४ आला की यादी हिरवी, तपशील ‘बंद’, संदेश ‘चालू’. ५०३ आला की यादी लाल, तपशील ‘बंद’, पण संदेश ‘चालू’. आणि सर्व्हर पूर्ण गप्प असेल, म्हणजे सर्वांत वाईट अवस्था असेल, तेव्हा ० हा ४०० पेक्षा लहान असल्यामुळे तपशील म्हणतो ‘चालू’, यादीही हिरवी राहते. फक्त संदेश खरे बोलतो. ज्याने संदेश वाचून डॅशबोर्ड उघडला, तो हिरवा ठिपका पाहून निर्धास्त होणार.

असा कोड दिसला की हात शिवशिवतात. पण आधी रिफॅक्टरिंग म्हणजे काय ते नीट ठरवू. विल्यम ऑपडाइक यांच्या १९९२ च्या प्रबंधात आणि मार्टिन फाउलर यांच्या १९९९ च्या पुस्तकात या कल्पनेची मांडणी आहे. बाहेरून दिसणारे वर्तन न बदलता कोडची आतली रचना सुधारणे, हा तिचा गाभा आहे. वर्तन बदलले की ती दुरुस्ती झाली किंवा नवी सुविधा झाली. येथे पेच असा की तीन तुकड्यांची उत्तरे मुळातच वेगळी आहेत. त्यांना एका फंक्शनमध्ये आणले तर कोणाचे तरी वर्तन बदलणारच. म्हणून ‘मी फक्त कोड साफ केला’ असे म्हणून हा बदल ढकलू नका. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत सर्वाधिक गोंधळ याच वाक्याने होतो असे मला वाटते.

योग्य क्रम असा. आधी सध्याचे वर्तन जसे आहे तसे चाचण्यांत पकडा, चुकीचे असले तरी. ‘कोड ० असता यादी हिरवी’ अशी चाचणी लिहिताना विचित्र वाटेल, पण ती आजचे सत्य नोंदवते. मायकेल फेदर्स यांनी २००४ च्या पुस्तकात अशा चाचण्यांना वर्तन टिपणाऱ्या चाचण्या म्हणून वेगळी जागा दिली आहे. मग तिन्ही तुकडे जसेच्या तसे तीन फंक्शनमध्ये काढा आणि एका फाइलमध्ये शेजारी ठेवा. येथपर्यंत खरे रिफॅक्टरिंग आहे. सर्व चाचण्या उत्तीर्ण राहिल्या पाहिजेत. त्यानंतर वेगळ्या कमिटमध्ये अर्थ बदलायचा, आणि तेव्हा कोणती चाचणी का बदलली हे संदेशात लिहायचे.

अर्थ ठरवताना तीन प्रश्न वेगळे करावे लागतात. काय घडले, त्याचा अर्थ काय, आणि ते दाखवायचे कसे. जुन्या कोडमध्ये ‘कोड’ या मोजमापावरून थेट ‘हिरवा’ या रंगावर उडी आहे. मधला टप्पाच नाही. ही उडी किती महाग पडू शकते याचे उदाहरण संगणकाबाहेरचे आहे. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात दाब कमी करणारी एक झडप उघडीच अडकली. नियंत्रण कक्षातला दिवा मात्र झडप मिटल्याचे सुचवत होता, कारण तो झडपेची प्रत्यक्ष जागा दाखवत नव्हता. तिला मिटण्याचा विद्युत आदेश गेला एवढेच दाखवत होता. दोन तासांहून अधिक काळ थंड ठेवणारे पाणी निसटत राहिले आणि गाभ्याचा मोठा भाग वितळला. दिवा बिघडलेला नव्हता. तो विचारलेल्या प्रश्नापेक्षा वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देत होता.

मधला टप्पा म्हणजे स्थितींचा ठरलेला, मोजका संच. तयार साधनांकडे पाहा. नॅगिऑस या जुन्या देखरेख-प्रणालीत तपासणीचा कार्यक्रम चारपैकी एक अंक परत करतो: ० म्हणजे ठीक, १ इशारा, २ गंभीर, ३ अज्ञात. अपटाइम कुमा या अलीकडच्या साधनात ० म्हणजे बंद, १ चालू, २ प्रतीक्षा, ३ देखभाल. म्हणजे एकाकडचे शून्य आनंदाचे, दुसऱ्याकडचे संकटाचे. अंक थेट पडद्यापर्यंत नेणाऱ्या कोडने साधन बदलल्यावर काय होईल, ते तुम्हीच पाहा. म्हणून बाहेरून आलेला अंक दारातच आपल्या नावात बदलून घ्यावा आणि पुढे फक्त नावे वापरावीत.

आपल्या डॅशबोर्डसाठी फंक्शन असे होईल:

स्थिती_ठरवा(साइट, तपासणी, आत्ता):
  जर साइट थांबवलेली: परत दे थांबवलेली
  जर देखभालीची वेळ: परत दे देखभाल
  जर तपासणी नाही: परत दे प्रतीक्षा
  जर आत्ता − तपासणी.वेळ > ३ × अंतराल: परत दे अज्ञात
  जर सलग_अपयश >= ३: परत दे बंद
  जर सलग_अपयश >= १: परत दे संशयित
  परत दे चालू

एकात एक अडकलेल्या अटी येथे नाहीत. प्रत्येक ओळ पहारेकऱ्यासारखी उभी आहे, जमले तर तिथेच उत्तर देते. मात्र ओळींचा क्रम म्हणजे धोरण आहे, तो सहज बदलू नका. ‘अज्ञात’ची ओळ शेवटी नेली तर दोन तासांपूर्वीची ‘चालू’ नोंद आजही चालूच दिसेल, कारण तिच्यात अपयश नाही. ‘आत्ता’ बाहेरून दिला आहे हेही लक्षात घ्या. फंक्शनने स्वतः घड्याळ पाहिले तर चाचणीत वेळ हवी तशी ठेवता येत नाही. कोणता कोड यश मानायचा (४०४ नाही, ३०१ हो, ० कधीच नाही) हे वेगळ्या छोट्या फंक्शनमध्ये जाते.

सलग तीन अपयशांची अट खोटी घंटा टाळते, पण फुकट नाही. पाच मिनिटांच्या अंतरालात पहिल्या अपयशापासून तिसरे १० मिनिटांनी येते. संकेतस्थळ एखाद्या तपासणीनंतर लगेच कोसळले असेल तर खबर मिळायला जवळजवळ १५ मिनिटे लागतात. महामहमाच्या दिवशी हे चालेल का? नसेल तर अंतराल एक मिनिटाचा करा; अट काढून टाकणे हा उपाय मला पटत नाही.

‘अज्ञात’ची किंमत टक्केवारीत दिसते. पाच मिनिटांनी एक याप्रमाणे दिवसात २८८ तपासण्या होतात. समजा, २६० यशस्वी, ४ अपयशी, आणि महाविद्यालयाचेच इंटरनेट दोन तास गेल्यामुळे २४ अज्ञात. अज्ञात वगळले तर २६० भागिले २६४, म्हणजे ९८.४८ टक्के. अज्ञात हे यश धरले तर ९८.६१. अपयश धरले तर ९०.२८. पहिले दोन आकडे जवळजवळ सारखे असले तरी दुसरा न पाहिलेल्या गोष्टीची ग्वाही देतो. वगळावे, आणि किती वगळले तेही शेजारी छापावे.

पाहणाराच आंधळा होण्याचा प्रसंग मोठ्यांवरही येतो. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी अ‍ॅमेझॉनची एस-थ्री ही साठवण सेवा एका विभागात कोलमडली, तेव्हा त्यांच्या स्थितिपानावरील सेवांच्या नोंदी काही काळ बदलता आल्या नाहीत, कारण त्या पानाचे व्यवस्थापन एस-थ्रीवरच अवलंबून होते. हे कंपनीने स्वतःच्या निवेदनात सांगितले आहे.

दाखवण्याचा भाग आता सोपा उरतो: स्थितीच्या नावापुढे रंग, चिन्ह, मजकूर आणि यादीतला क्रम देणारा एक तक्ता. तिन्ही ठिकाणे त्यातूनच वाचतात. रंगावर एकटा भार टाकू नका. लाल-हिरवा फरक न कळणारे अनेक जण असतात, पुरुषांत विशेष, म्हणून चिन्हाचा आकारही वेगळा ठेवा. मजकूर तक्त्यात असल्यामुळे भाषा बदलणेही सोपे होते. कुंभकोणमला पहिली भाषा अर्थातच तमिळ. पण याच गावात १८२८ साली जन्मलेले टी. माधवराव, त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याचे दिवाण, मराठी घराण्यातले होते, आणि तंजावर मराठी बोलणारी कुटुंबे त्या भागात आजही आहेत; त्यांच्यासाठी आणखी एक रकाना जोडायला एक दुपार पुरते. "चालू" ही अक्षरेच स्थिती म्हणून तुलनेत वापरली असती, तर भाषांतर होताच सगळ्या अटी मोडल्या असत्या.

तक्त्यात नसलेले नाव आले तर? जुन्या यादीतल्या शेवटच्या ‘नाहीतर’ने हिरवा दिला होता. नव्यात ‘अज्ञात’ द्या आणि नोंदवहीत चूक लिहा.

स्वाध्याय: एका संकेतस्थळाच्या नावाची मुदत संपली आहे. तेथे आता नाव विकणाऱ्याचे पान २०० या कोडसह उघडते. वरील फंक्शन कोणती स्थिती देईल? बदल तीन टप्प्यांपैकी कोणत्या टप्प्यात करावा लागेल, आणि त्यासाठी तपासणीच्या नोंदीत कोणता नवा रकाना हवा?